दिलेल्या पत्त्यावर आढळली नाही

२९ ऑक्टोबर, बुधवार

आलं. सकाळी सहा चाळीसला ईमेल. कॅनडात कायमचं राहण्यासाठी अर्ज करायला मला ‘आमंत्रित’ करण्यात येत आहे. चार वेळा वाचलं.

गुण ४८१. वयाचे ११०, एम.टेक.चे १३५, इंग्रजीचे १३६, शिक्षण आणि अनुभव जोडून १००. बेरीज कालही हीच होती. नऊ महिने दर सोडतीला त्यांची किमान गुणांची रेषा माझ्या वर पडत होती. एकदा तर दोनच गुणांनी! या वेळी खाली पडली.

आता साठ दिवस. म्हणजे २८ डिसेंबर. तोवर सगळे कागद चढवायचे. एक जरी राहिला तरी आमंत्रण गेलं. आणि ९ जानेवारीला मला तीस पूर्ण होतात. तिसाव्याला पाच गुण कापतात — उरतात ४७६. ४७६ ला कोणी बोलावत नाही, हे नऊ महिने बघतेय.

म्हणजे दुसरी खेप नाही.

घरी सांगितलं नाही. कुडाळला कामावर गेले. वेंगुर्ल्याच्या मासळीच्या शीतगृहाचं गणित दिवसभर केलं. एकही चूक नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवताना सांगितलं. आई म्हणाली, “किती वर्षां?” म्हटलं, कायमचं. तिने कढीचं भांडं उचललं आणि परत तिथेच ठेवलं.

बाबा म्हणाले, “बरां.” हात धुवायला उठले. एवढंच.

प्रितेश — भाऊ, वयाने लहान, तोंडाने मोठा — म्हणाला, “थंय उणे तीस असता म्हणे. जल्मभर मासळीक गार खोल्यो बांधलंस, आता तूच जावन रव त्येच्यात.” सगळे हसले. मीसुद्धा.

मग आईने ते काढलंच. “लगीन करून गेलंस तर?”

“उणे सत्तावीस.”

“काय ता?”

“गुण. लग्न केलं तर एवढे कमी होतात. नवऱ्याचं इंग्रजी शून्य धरून.”

“शून्य कित्याक धरतंस गो? कोणाचो तरी झिल शिकलेलो मिळात!”

५ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीचं पत्र. त्यात काय हवं ते मी साहेबांना टाइप करून दिलं होतं — हुद्दा, आठवड्याचे तास, कामांची यादी. साहेबांनी ते बाजूला ठेवलं आणि स्वतः इंग्रजीत लिहिलं, की मी एका चांगल्या घराण्यातली सुशील मुलगी आहे आणि त्यांना मुलीसारखी आहे. साडेचार वर्षं शीतगृहांचे अमोनियाचे प्लांट उभे केले, त्याचा एक शब्द नाही!

तीनदा बदलून घेतलं. तिसऱ्यांदा साहेब रुसले. “आमचा प्रेम नको तुका.”

प्रेम नको. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास हवेत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डिग्रीची तपासणी, वैद्यकीय, बँक, पत्र — झालं. उरला एकच कागद. पोलिसांचा दाखला, की माझ्यावर गुन्हा नाही. पासपोर्ट केंद्राची तारीख २५ ला मिळाली. त्यानंतर फाइल ठाण्याकडे, ठाण्याचा माणूस घरी, त्याचा शेरा, मग दाखला. दोन आठवडे धरले तर ९ डिसेंबर. तीन धरले तर १६. पुरेसं आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

पुरेसं नाही.

देवदिवाळी झाली आणि आज देवळात गावपळणीचा कौल लावला. चार वर्षांनी. विठोबा गुरव ओल्या कळ्या पाषाणाला डावी-उजवीकडे चिकटवतो. बाबा गाऱ्हाणं घालतात — बावीस वर्षं तेच घालतात, त्यांच्या आधी त्यांचे वडील. “बा देवा रवळनाथा…” म्हणून ते देवाशी बोलत राहतात, आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव म्हणतो, “व्हय म्हाराजा!” मी म्हणत नाही. लहानपणापासून म्हटलेलं नाही. आईला वाटतं, मी मनात म्हणते.

उजवी कळी पडली की हो, डावी पडली की नाही. ओली कळी सुकेपर्यंत दगडाला धरून राहते, मग वारा आणि वजन ठरवतं ती पडते. यात दुसरं काहीही नाही.

उजवी पडली. ६ डिसेंबरच्या सकाळी गाव सोडायचा. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं वेशीबाहेर. आत चूल पेटायची नाही, आत कोणी पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, देव ‘या’ म्हणाला तर घरी.

आणि पोलीस नेमके तेव्हाच घरी येणार!

मी बाबांना आधी सांगितलं होतं. आठ दिवसांपूर्वी, तारखा कागदावर लिहून — जानेवारीत मागा. त्यांनी कागद वाचला, घडी केली, खिशात ठेवला. “कौल काय माझ्या खिशात आसा, बाय?”

कागद तर खिशातच होता.

कौल झाल्यावर आम्हांला पुढे घरी पाठवून बाबा विठोबाबरोबर मागे थांबले. तासाभराने आले. जेवले नाहीत. उपास असेल.

आईला रागाने म्हटलं, एका फुलाच्या कळीवर माझं आयुष्य टांगलंय. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “आणि तुझी ती कॅनडाची रेषा? ती पण कौलच मगे. फक्त तेका गुरव नाय.”

मी कॅलेंडर काढून दिवस पुन्हा मोजले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

केंद्रात अर्ज दिला. बोटांचे ठसे, फोटो. ‘पोलीस पडताळणीसाठी पाठवले.’

२ डिसेंबर, मंगळवार

ठाण्यात फोन. तिसऱ्यांदा उचलला.

“फाइल आलीय का?”

“आलीय. येतो की दोनचार दिवसांत.”

“पाचच्या आत या. सहा ते नऊ गावात कोणी नसेल. गावपळण आहे.”

“बरं बरं.” त्याने ते लिहून घेतलं नाही. पेन चालल्याचा आवाज कळतो. मागे कोणीतरी चहा मागत होतं.

४ डिसेंबर, गुरुवार

कोणी आलं नाही. पुन्हा फोन. “माणूस बंदोबस्ताला गेलाय, कुणकेश्वराकडे.” कधी येईल? “येईल की.”

५ डिसेंबर, शुक्रवार

आज दिवसभर सुट्टी काढून दारात बसले. कोणी नाही.

संध्याकाळी कागद केला. ए-फोर, मोठी अक्षरं: ‘संचिता हरिश्चंद्र गावकर. याच घरात राहते. गावपळणीमुळे दि. ६ ते ९ खाडीपलीकडे, साकवाच्या टोकाला मांडवात. कृपया या नंबरवर फोन करावा.’ प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि दाराच्या चौकटीला चार खिळ्यांनी ठोकला. चार. वाऱ्याने उडायचा प्रश्न नाही.

आई सामान बांधतेय. प्रितेश कोंबड्या पकडतोय आणि प्रत्येकीला सांगतोय, “चल गो, व्हिसा इलो तुझो.”

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी सगळा गाव निघाला. टेंपो, हातगाड्या, डोक्यावर टोपल्या, दोऱ्यांना गुरं. शाळेच्या बाईंनी हजेरीपट घेतला — शाळासुद्धा पलीकडेच भरणार. नव्वदीचे गंगारामकाकांचे वडील खुर्चीत बसून चौघांच्या खांद्यावर. कोणी रडत नाही, कोणी कंटाळत नाही. जत्रेला निघाल्यासारखे!

घराला कुलूप नेहमी बाबाच लावतात. सगळ्यांत शेवटी.

खाडीवरचा अरुंद साकव ओलांडला. आमचा मांडव अगदी खाडीच्या कडेला. इथून आमचं घर दिसतं. कौलं, आंबा, दार. दारावरचा कागद एवढ्या लांबून दिसत नाही.

७ डिसेंबर, रविवार

रविवार. पोलीस येत नाहीत. बायका फुगड्या घालतायत. मला ओढलं, गेले नाही. कोणीतरी म्हणालं, “सोडा तिका, ती आता फॉरेनची.” हसू.

पलीकडे गाव एकदम गप्प. एरवी पंपाचा, मिक्सरचा, कुत्र्यांचा आवाज असतो, तो कधी लक्षातच आला नव्हता हे आज कळलं.

८ डिसेंबर, सोमवार

अकरा वीसला मोटरसायकल. खाकी. पलीकडच्या रस्त्याने एकटीच आली, देवळाशी थांबली, मग आमच्या घराकडे वळली.

मी फोन काढला — रेंज एक काडी. ठाण्याला लावला, लागला नाही. मी ओरडले. हात हलवले. खाडीचं पाणी आवाज खातं. तो दारासमोर उभा राहिला. कडी वाजवली असावी. बाजूच्या घराकडे गेला, परत आला, काहीतरी लिहिलं. गेला.

चार मिनिटं. साकव लांब. मी पोहोचू शकले नसते.

पण दारावर कागद आहे. नंबर आहे. फोन येईल.

८ डिसेंबर, दुपारी चार

फोन आला नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी कौल. उजवी. गाव परत भरला. मी सगळ्यांच्या पुढे धावत घरी आले.

चौकटीला चार भोकं. खिळे नाहीत. कागद नाही.

वारा खिळे उपटून नेत नाही.

बाबांना विचारलं, अंगणातच, सगळ्यांसमोर. “कागद तुमी काढलात?”

“हां.”

“कधी?”

“कुलूप लावताना.” खिशातून काढून दिला. प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा नीट घडी केलेली. चारही खिळे पिशवीत. “गाव खाली म्हणजे खाली, बाय. नाव नि नंबर दारार ठेवन गेल्यार गाव खाली कसो म्हणाचो?”

कागद घेतला. मागच्या दारी गेले. आता लिहितेय आणि पेन कागदातून आरपार जातंय.

११ डिसेंबर, गुरुवार

वेबसाइटवर शेरा: ‘प्रतिकूल.’

१२ डिसेंबर, शुक्रवार

ठाणं. मोटरसायकलवरचा तोच शिपाई, नवा, जालन्याहून बदलून आलेला. चेहरा चांगला आहे, त्याचाही राग आला. त्याने नोंद वाचून दाखवली: “अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळली नाही. घर बंद. शेजाऱ्यांकडे चौकशी केली असता शेजारी उपलब्ध नाहीत.”

“शेजारी उपलब्ध नाहीत म्हणजे काय?”

“मॅडम, आख्ख्या गावात कुत्रं नव्हतं! मी देवळात गेलो, शाळेत गेलो, रेशन दुकानात गेलो. एका घरात घड्याळ टिकटिक करत होतं फक्त. खरं सांगू? मी घाबरलो. गाडीला किक मारली आणि मालवण गाठलं.”

“मग लिहायचं ना — गाव बाहेर गेला होता!”

“तसा रकाना नाही. आढळली किंवा आढळली नाही.”

“मी फोनवर सांगितलं होतं. दोनदा.”

“मला कुणी नाही सांगितलं. दारावर एखादी चिठ्ठी तरी लावायची ना, मॅडम.”

मी उठून बाहेर आले. नाहीतर टेबलावरचं पेपरवेट फेकलं असतं.

सोळा दिवस.

१३ डिसेंबर, शनिवार

भांडण. आयुष्यात पहिल्यांदा बाबांशी आवाज चढवून. म्हटलं, तुम्हांला मी जायला नको होते, तर तोंडाने सांगायचं होतं. देवाच्या आड लपायचं नव्हतं. कागद काढायला कौल नव्हता लागला!

बाबा ओटीवर बसून काजूच्या फांद्यांना बांधायच्या सुतळीच्या गाठी सोडवत होते. एक गाठ सुटेना. तीच सोडवत राहिले.

“बोला की!”

आई मधे पडली. “बापाशीक तसा बोलू नको गो.”

“मग कसा बोलू? मी साडेचार वर्षं तयारी केली. इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. रत्नागिरीला जाऊन, पुण्याला जाऊन. एक कागद! एका कागदाने सगळं —”

बाबा म्हणाले, “तू साकवार उभी होतंस.”

“काय?”

“शिपाई इलो तेवा. बघलंय मी.”

बस. उठून गोठ्याकडे गेले.

१४ डिसेंबर, रविवार

आठ तारखेला मी इथे खोटं लिहिलं. वहीत खोटं लिहायचं म्हणजे कळस आहे. दुरुस्त करते.

मी ओरडून थांबले नव्हते. मी धावले होते. आमच्या मांडवापासून साकव चाळीस पावलं. साकव सत्तर मीटर. पलीकडून घर दीडशे. आज चालत मोजलं. धावत दोन मिनिटांच्या आत. तो चार मिनिटं होता. मी पोहोचले असते.

साकवाच्या गावाकडच्या टोकाला दगड आहे, वेशीचा, शेंदूर लावलेला. मी तिथवर गेले आणि थांबले. कोणी अडवलं नाही. आसपास कोणी नव्हतं — असं मला वाटलं. माझा पाय उचलला नाही. माझा! कळीचं वजन आणि दगडाचा ओलावा सांगणाऱ्या माझा. दगडाच्या पलीकडे फक्त रस्ता होता, डांबरी, पंचायतीने गेल्या वर्षी केलेला. मी उभी राहून त्या खाकी पाठीकडे बघत राहिले, आणि मनात म्हणत होते, दारावर कागद आहे, कागद आहे.

कागद बाबांनी काढला. थांबले मी.

पहिल्याचा राग करणं सोपं जातंय.

१५ डिसेंबर, सोमवार

ठाण्याच्या मोठ्या साहेबांना भेटले. दोन तास बाकावर. साहेब इथल्याच भागातले, त्यांना गावपळण माहीत. हसले आधी पोटभर. मग म्हणाले, फेरपडताळणी करू, पण फाइलला आधार हवा.

“ग्रामपंचायतीचा दाखला आणते.”

“पंचायत कुठे होती त्या दिवसांत?”

“बाहेर.”

“कार्यालय बंद. मग तुम्ही बाहेर होता हे पंचायतीने कोणत्या टेबलावर बसून बघितलं?” पुन्हा हसले. “देवस्थानचा दाखला आणा. कौल ज्याने मागितला त्या मानकऱ्याच्या सहीचा. तेवढा एकच कागद खरा धरता येईल.”

म्हणजे बाबांच्या सहीचा.

एस.टी.त उभ्याने आले. ज्याने कागद काढला त्याच्याकडेच कागद मागायचा! या देशाला, त्या देशाला, सगळ्यांना मी कोण आहे ते दुसऱ्यानेच लिहून द्यायला हवं असतं. साहेबाने, शिपायाने, बापाने. मी स्वतः सांगितलेलं कुठेच चालत नाही.

मागणार नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

मागितलं. आईमार्फत नाही, स्वतः. काय लिहायचं ते टाइप करून दिलं, चार ओळी. खाली सहीची जागा.

बाबांनी वाचलं. “उद्या सांगतंय.”

“बारा दिवस उरलेत.”

“उद्या.”

१७ डिसेंबर, बुधवार

बाबा सकाळी आंघोळ करून देवळात गेले. चहा न घेता. दुपारी एकपर्यंत आले नाहीत. प्रितेशला पाठवलं, तो येऊन म्हणाला, “बसलेत पाषाणासमोर. विठोबा सांगता, इल्यापासून एक शब्द बोलूक नाय.”

दीडला आले. माझी छापील चार ओळींची प्रत जशीच्या तशी परत दिली. बरोबर दुसरा कागद — देवस्थानचा, शिक्क्याचा, हाताने लिहिलेला. बाबांचं अक्षर मी वाणसामानाची यादी सोडून कुठे पाहिलेलं नाही. सुवाच्य आहे. उतरवून ठेवते:

‘दाखला देण्यात येतो की, श्री देव रवळनाथाच्या कौलाने दि. ६ ते ९ डिसेंबर गाव वेशीबाहेर होता. त्या दिवसांत गावात कोणीही नव्हते. अर्जदार संचिता ही माझी मुलगी असून जन्मापासून दिलेल्या पत्त्यावर राहते. दि. ८ रोजी पोलीस घरी आले तेव्हा ती साकवाच्या टोकाला वेशीच्या दगडापाशी उभी होती. तिने वेस ओलांडली नाही. हे मी स्वतः पाहिले आहे. तिने दारावर लावलेला कागद मी काढला, चूक माझी आहे. तिला परदेशी जाण्यास माझी हरकत नाही. — हरिश्चंद्र विठू गावकर, मानकरी.’

हरकतीचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं.

“हे शेवटचं वाक्य नको होतं,” मी म्हटलं. “पोलिसांना त्याचा उपयोग नाही.”

“ऱ्हवांदे,” बाबा म्हणाले.

हात धुतले आणि जेवायला बसले. दोन वेळा भात घेतला.

१८ डिसेंबर, गुरुवार

दिला. साहेबांनी वाचला. या वेळी हसले नाहीत. ‘फेरपडताळणी करावी’ — सही.

२० डिसेंबर, शनिवार

तोच शिपाई. आईने कोकमाचं सरबत दिलं, काजू दिले. बाजूच्या घरी जाऊन त्याने ‘शेजाऱ्यांकडे चौकशी’ केली. शेजारच्या काकूने त्याला पाऊण तास माझं लहानपण सांगितलं. परत येऊन म्हणाला, “मॅडम, आता शेजारी जास्तच उपलब्ध आहेत.”

हसू आलं. दाबलं.

जाताना त्याने बाबांना विचारलं, “काका, खरंच कोणीच येत नाही का आत? तीन दिवस?”

बाबा म्हणाले, “तू इललंस मा.”

तो जरा पांढरा पडला.

२३ डिसेंबर, मंगळवार

वेबसाइट: ‘अनुकूल. दाखला तयार होत आहे.’ पाच दिवस. मध्ये नाताळची सुट्टी. तयार होत आहे म्हणजे कधी? कुठल्या टेबलावर? एका शिक्क्याला किती वेळ लागतो, हे कोणीतरी मोजायला हवं!

२४ डिसेंबर, बुधवार

मिळाला. चार वाजता, खिडकी बंद होताना. खिडकीवरचा माणूस म्हणत होता, उद्या या. उद्या सुट्टी आहे, म्हटलं. मग परवा या, म्हणाला. मी खिडकीत हात घातला आणि काढला नाही. दिला.

घरी येऊन स्कॅन. सगळे सत्तावीस कागद पुन्हा तपासले, नाव, तारीख, स्पेलिंग. साडेसातला ‘सबमिट’. पोच आली.

आई म्हणाली, “झाला?” झालं. प्रितेश म्हणाला, “पार्टी!” बाबा बाहेर गुरांना पाणी दाखवत होते. आईने ओरडून सांगितलं. “आयकलंय,” म्हणाले.

मला आनंद होईल असं वाटलं होतं. राग गेलेला नाही, फक्त त्याला आता जागा नाही. कोणावर करायचा?

२६ डिसेंबर, शुक्रवार

कंपनी. काही नाही.

२८ डिसेंबर, रविवार

देवाची जत्रा. आज साठावा दिवस.

गाऱ्हाण्याला गंगारामकाका पुढे उभे राहिले. मला वाटलं, बाबांना बरं नाही. शोधलं तर बाबा शेवटच्या रांगेत, टोपी हातात घेऊन, इतरांसारखे. विठोबा गुरवाला बाजूला घेऊन विचारलं.

“तुका कोणी सांगूक नाय?” तो हळू म्हणाला. “गावपळणीचो कौल लावलो ना, त्याच दिवशी मागसून तुझो पण लावललो बापाशीन. जाव दी की नको. डावी पडली. तीन खेपे लावलो, तिनी खेपेक डावी. म्हणान कागद काढल्यान. नि मगे कौल मोडून सही केल्यान. कौल मोडलेल्यान गाऱ्हाणा घालूचा नसता, बाय. कोणी काढूक नाय तेका. तेनाच नारळ गंगारामाच्या हातात दिल्यान.”

काका पावसाचं बोलले, आंब्याच्या मोहराचं, होड्यांचं. मग म्हणाले, “आणि म्हाराजा, आमच्या हरिश्चंद्राचा चेडू साता समुद्रापलीकडे जाता हा, तेच्या पाठीशी ऱ्हव म्हाराजा —”

“व्हय म्हाराजा!” सगळा गाव.

बाबांचा आवाज शेवटच्या रांगेतून आला. सगळ्यांच्या नंतर, साधारण अर्ध्या सेकंदाने.